डुकरांच्या शेडसाठी साडेसहा महिने

शेड उभी राहिली बारा दिवसांत. ती बांधायचा ना-हरकत दाखला मिळायला साडेसहा महिने लागले, आणि तो राग अजून गेला नाही.

भंडारा जिल्ह्यात माझी दोन एकर धानाची बांधी आहे. तिच्या लागून असलेल्या पडीक तुकड्यावर चार माद्यांपासून वराहपालन सुरू करायचं ठरवलं. बँकेने शेडच्या कर्जासाठी ग्रामपंचायतीचा दाखला मागितला. फेब्रुवारीत अर्ज दिला. आठ दिवसांत काम होईल या भरवशावर मार्चमध्ये यॉर्कशायर जातीच्या माद्या आणूनही टाकल्या. तुम्ही असं करू नका. आधी कागद, मग जनावर.

पहिल्या फेरीत घरपट्टीची थकबाकी निघाली, ती भरली. दुसऱ्या फेरीत शेजारच्या शेतकऱ्यांची संमती मागितली, तीन सह्या आणल्या. तिसऱ्या फेरीत अर्जच सापडेना! पोच घेतली नव्हती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. दुसरा अर्ज दिला तेव्हा प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच खुर्चीवरून उठलो.

मग सांगितलं की विषय ग्रामसभेत ठेवावा लागेल. 1 मेच्या सभेला गणपूर्तीच झाली नाही. 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जो आकडा कमी तेवढे लोक लागतात. आमच्याकडे मे महिन्यात लोक तेंदूपत्त्याला जातात, उरलेले लग्नांत. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून मोठ्या आशेने गेलो, तर विषयपत्रिकेत माझा अर्जच नव्हता. सगळ्यांसमोर विचारलं. "पुढच्या खेपेला घेऊ न भाऊ," एवढंच उत्तर मिळालं. पुढची खेप म्हणजे 15 ऑगस्ट.

तोवर जनावरं कुठं ठेवायची? बांबूचे खांब रोवले, वर तट्ट्या, त्यावर हातभर तणस म्हणजे धानाचा पेंढा आणि खाली मुरूम. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. मेअखेरच्या नवतप्यात पारा 45 च्या पुढं गेला तेव्हा बाजूला खड्डा करून पाणी सोडलं, दुपारी अंगावर पाणी मारत राहिलो. त्या झोपडीत एकही मादी दगावली नाही. म्हणून सांगतो, नुसत्या टिनाच्या शेडपेक्षा तणसाचं छप्पर उन्हाळ्यात कितीतरी चांगलं. मात्र पावसात मुरमाचा चिखल झाला, बांबूला वाळवी लागली.

आणि एक नुकसान मी विसरू शकत नाही. डुकरीण 114 दिवसांच्या आसपास विते. पहिली ऑगस्टच्या सुरुवातीला व्याली, नऊ पिल्लं. भिंतीच्या कडेने लोखंडी पाइप लावलेला असता तर आई आडवी होताना पिल्लांना बाजूला निसटायला जागा राहिली असती. तात्पुरत्या झोपडीत तो नव्हता. तीन पिल्लं तिच्याखाली चेंगरून मेली.

15 ऑगस्टला विषय आधीच लेखी देऊन ठेवला होता. सभेत एक आजोबा उठले, "मोकाट डुकरं कमी हायेत का गावात? आनखी कायले पायजे?" दुसऱ्याने मेंदूज्वराचं काढलं. ती भीती खोटी नव्हती. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या अंगात वाढतो आणि डासांतून माणसापर्यंत येऊ शकतो. मी सांगितलं, जागा वस्तीपासून लांब आहे, डुकरं कोंडून राहतील, रात्री मच्छरदाणीची जाळी सोडीन, सांडपाणी शोषखड्ड्यात जाईल, लोळायचा खड्डा रोज रिकामा करीन. हे सगळं ठरावात लिहून घ्या, असं मीच म्हटलं. हात वर झाले. ठरावाची नक्कल आणि दाखला हातात पडायला आणखी पंधरा दिवस गेले. बाहेर येऊन बायकोला फोन केला तर आवाजच फुटेना.

शेड पूर्व-पश्चिम लांब घेतली, म्हणजे ऊन आत कमी शिरतं. भिंती कमरेएवढ्या, वर जाळी, टिनावर तणस. कोबा खरखरीत ठेवा, गुळगुळीत कोब्यावर जनावर घसरतं. उतार दहा फुटाला तीन इंच. विणाऱ्या मादीची खोली 10 बाय 8 फूट, पाइप जमिनीपासून आणि भिंतीपासून साधारण दहा इंचांवर. कोपऱ्यात पिल्लांसाठी बल्बची पेटी हवीच, पहिल्या आठवड्यात त्यांना 32 अंशांच्या आसपास ऊब लागते.

राइस मिलमधून तूस म्हणजे धानाचा कोंडा-टरफल आणून जाड थराची गादी करण्याचा पर्यायही बघितला. धुणं वाचतं, खत छान होतं. पण ती गादी कुजताना आतून तापते, म्हणून दूध तुटलेल्या पिल्लांना फक्त हिवाळ्यात वापरतो.

बांबूची ती झोपडी मोडली नाही. मे महिन्यात दुपारी माद्या अजून तिथंच नेतो.