पिलर ड्रिलवर मिलिंग करायला गेलो आणि चकच खाली आला

कोल्हापुरात उद्यमनगरातून जुना १३ एमएमचा पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं भोकं पाडायचं मशीन, घेतला होता. मोटारीच्या प्लेटला बेल्ट ताणायला चार स्लॉट पाडायचे होते, १० एमएम अ‍ॅल्युमिनियम, एवढ्याशा कामाला मिलिंगवाले (फिरत्या कटरनं धातू कापून खाचा पाडणारे) आज-उद्या करत होते, म्हटलं आपणच करू. क्रॉस स्लाईड वाइस (जॉब धरून आडवा-उभा सरकवायचा शिकंजा) आणला, ८ एमएमचा एंड मिल, म्हणजे बाजूनंही कापणारा कटर, सरळ ड्रिल चकमध्ये (ड्रिल बिट पकडणाऱ्या जबड्यात) आवळला आणि सुरू. इंचभर बरं गेलं, मग थरथर चालू झाली आणि धाडकन कटरसकट चक खाली, तोही फिरत! हात वाइसच्या हँडलवर होता म्हणून बोटं शाबूत राहिली.

चक हा स्पिंडलमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यात, टेपरवर (निमुळत्या भागावर) नुसता दाबून बसलेला असतो. शेजारचे टर्नर काका आले. म्हणाले, "अरे, ड्रिलिंगला दाब वर जातो, टेपर अजून घट्ट बसतो. मिलिंगला दाब बाजूनं, वर थरथर, मग टेपर सुटणारच की! मिलिंग मशीनला तो वरून ओढून धरायला लांब बोल्ट, ड्रॉबार असतो, तुझा स्पिंडल भरीव, ड्रॉबार घालणार कुठनं?" चकचे तीन जबडे कटरला तीन रेघांवर धरतात, त्यामुळे तो खाली सरकतो हेही तेव्हाच कळलं, माझा स्लॉट एका टोकाला जास्त खोल गेला होता तो म्हणूनच.

मग एमटी-२ (टेपरचं एक ठरलेलं माप) शँकचा कोलेट चक, म्हणजे कटरला सगळीकडून आवळणारा चक, घेतला, टेपर आतून-बाहेरून पेट्रोलनं पुसून, खाली लाकूड धरून ठोकून बसवला. क्विलला (स्पिंडलसकट वर-खाली होणाऱ्या नळीला) खेळ होता, तिथं बॉडीला टॅप मारून, म्हणजे भोकात आटे पाडून, बोल्ट घातला आणि बोल्टच्या पुढं पितळेचा तुकडा, म्हणजे क्विल लॉक होतो पण ओरखडत नाही. एवढं करूनही टेपर सुटू शकतो हे डोक्यात ठेवूनच काम करतो.

खरी युक्ती म्हणजे कटरला काम कमी ठेवायचं. आधी ७ एमएमची भोकं ओळीनं पाडली, मधल्या भिंती कानशीनं काढल्या, एंड मिलनं फक्त कडा साफ केल्या, एका वेळी ०.२ एमएम, वर रॉकेलचे थेंब. जॉब कायम कटरच्या फिरण्याविरुद्ध सरकवायचा, उलटं केलं तर वाइसच्या स्क्रूचा खेळ खाऊन कटर जॉब ओढून घेतो. चार स्लॉटला अख्खा रविवार गेला.

स्टीलवर नाही करत. पण आता टॅपिंगला हाच ड्रिल वापरतो, ५ एमएमचं भोक पाडून जॉब न हलवता चकमध्ये एम-६ चा टॅप धरायचा, प्लग काढून ठेवायचा आणि पुली हातानं फिरवायची. टॅप एकदम सरळ जातो.