शिंगराचा पहिला चीक

शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात अँटीबॉडीज जवळपास नसतातच, घोडीच्या वारेतून त्या पोटातल्या पिल्लापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे सगळी मदार पहिल्या चिकावर. आणि आतडं त्या शोषून घेतं ते जेमतेम पहिले २४ तास, त्यातही सुरुवातीचे ६-८ तास खरे कामाचे. साधारण २ तासांत शिंगरू आचळाला लागलं नाही तर डॉक्टरला फोन करायचा, "बघू सकाळी" वगैरे अजिबात नको!

चांगला चीक घट्ट, पिवळसर, बोटाला चिकटणारा. पण नुसत्या रंगावर माझा भरवसा नाही, ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर (चिकाचा दाटपणा टक्क्यांत दाखवणारं छोटं उपकरण) एक थेंब टाकून बघा, २३ टक्क्यांच्या वर आलं तर उत्तम. घोडी विण्याआधीच दूध गाळत असेल तर चांगला चीक आधीच वाया गेलेला असतो, अशा वेळी दुसऱ्या घोडीचा फ्रीज केलेला चीक कोमट पाण्यात वितळवून पाजतात (मायक्रोवेव्ह नको, अँटीबॉडीज खराब होतात). मग १८-२४ तासांनी शिंगराची आयजीजी टेस्ट (रक्तात अँटीबॉडीज किती पोचल्या ते कळतं), ८०० mg/dL च्या वर हवी.