ठेचा सोडलेलं लेकरू

दसऱ्याच्या आधीचे दिवस. धारूर तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या वऱ्हांड्यात आमचं दातांचं शिबिर होतं. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन झालेली, आठ-दहा दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघणार. त्याआधी दुखरी दाढ काढून घ्यायला रांग लागली होती.

एकाची दाढ बघत होते, तेवढ्यात शेजारी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "मॅडम, ह्या लेकराचेबी दात बघा, पिवळे पडलेत. बाकी गुणाचं हाय. वर्ष झालं, ठेच्याला हात लावीना, तिखट कोरड्यास नको म्हणतंय. आधी लई तिखट खायचं."

मी हातातलं काम थांबवलं. पोरगा सतरा वर्षांचा.

"तोंड उघड, बाळा. अजून."

"एवढंच उघडतंय."

एकावर एक तीन बोटं आत जायला हवीत, याची दीडच गेली. गालाचं आतलं अस्तर पांढुरकं पडलेलं आणि बोटाला आतून ताणलेल्या दोऱ्या लागत होत्या. त्यानं तिखट सोडलं नव्हतं. तोंडाची आग होत होती म्हणून त्याला ते खाता येत नव्हतं.

"तंबाखू शिवलो नाही, आईशप्पथ. नुसती सुपारी खातो, पुडीतली."

या 'नुसती'नं माझ्या काळजात चर्र होतं. सुपारीतल्या द्रव्यांमुळे अस्तराखाली तंतू साचतात, ते सहसा विरघळत नाहीत. सुपारी एकटीच कॅन्सर करू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 सालीच जाहीर केलं. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण साध्या सुपारीला घरात कुणी व्यसन म्हणतच नाही.

मग आईचा खालचा ओठ उलटून पाहिला. मिश्री ठेवायच्या नेमक्या जागी सुरकुतलेला पांढरा चट्टा होता, कापसानं पुसून न निघणारा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातला जवळपास दर चौथा प्रौढ माणूस बिनधुराची तंबाखू वापरणारा निघाला, धूम्रपान करणारे शंभरात चारसुद्धा नव्हते. त्यामुळे आमच्याकडे फुप्फुसाच्या आधी ओठ आणि गाल बघावे लागतात. तिला सांगितलं, मिश्री आजच बंद कर. असा चट्टा कधीकधी काही आठवड्यांत जातो. नाही गेला, तर तुकडा काढून तपासावा लागतो.

"आन् ह्याचं तोंड?"

खरं तेच सांगितलं. सुपारी सोडली, इंजेक्शनं घेतली, तोंडाचे व्यायाम केले, तर आग कमी होईल, थोडं जास्त उघडेल. पहिल्यासारखं होईलच असं नाही, आणि तपासणी कायम करावी लागेल. ती बराच वेळ पोराच्या गालाकडे बघत राहिली.

पोराला तिनं टोळीबरोबर नेलं नाही, आजीपाशी ठेवलं. तो अंबाजोगाईला इंजेक्शनं घेतोय. तिला कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली होती. परवा फोन केला, चट्टा तसाच आहे.

"पट्टा पडला की जाते, मॅडम," म्हणाली.

पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, अजून चार महिने आहेत. उद्या पुन्हा फोन करणार आहे.