बंदीच्या आधी काढलेले ऑइल

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारीबंदी असते आणि आमचा ट्रॉलर गोव्यात मांडवी नदीकाठच्या मालीम जेटीला बांधलेला राहतो. पूर्वी मी इंजिनाचे ऑइल जुलैअखेरीस, बोट समुद्रात जाण्याच्या तोंडावर बदलत असे. आता ते मे संपता संपता काढतो, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा असतो, आणि ते दोन महिने बेअरिंगांना चिकटून राहणे इंजिनाच्या हिताचे नाही.

आमच्या इंजिनाच्या ड्रेन बोल्टखाली (ऑइल सोडण्याच्या तळाच्या बोल्टखाली) भांडे सरकवायलाही जागा नाही, म्हणून ऑइल डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या, नळीतून हातपंपाने ओढावे लागते. इंजिन पंधरा मिनिटे चालवून बंद केले की ऑइल पातळ असते आणि काजळी व धातूचे कण त्यात मिसळलेले असतात. प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचा नमुना तेव्हाच घ्यावा. पंपाची बारीक नळी मी आधी डिपस्टिकशेजारी धरून तिच्यावर चिकटपट्टीची खूण करतो, म्हणजे आत गेल्यावर तिचे तोंड ऑइलच्या मधोमध राहते आणि तळाचा गाळ नमुन्यात येत नाही. पहिले थोडे ऑइल वेगळे काढून मग कोरड्या, स्वच्छ बाटलीत सुमारे 100 मिलिलिटर घेतो. उरलेले उपसताना मात्र नळी तळाला टेकवतो. बाटलीवर ऑइल किती तास चालले आणि मध्ये किती भर घातली हेही लिहितो, कारण भर घातल्याची नोंद नसेल तर लोखंडाचे प्रमाण, म्हणजेच इंजिनाची झीज, आहे त्यापेक्षा कमी भासते.

डिझेल इंजिनाचे ऑइल काही तासांतच काळे पडते, त्यामुळे नुसत्या रंगावरून निदान करू नये. दोन वर्षांपूर्वी आमचे ऑइल दिसायला नेहमीसारखेच होते, पण प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाढलेले निघाले. सोबत कोऱ्या ऑइलचा नमुना पाठवला होता, म्हणूनच ही वाढ मूळ ऑइलमधील रसायनांची नव्हे, खाऱ्या पाण्याची आहे हे कळले. समुद्राच्या पाण्याने ऑइल थंड करणारा ऑइल कूलर उघडला तेव्हा एका नळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक सापडले. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो; ते थांबल्यावर पाणी हळूहळू आत झिरपत होते. हे मेअखेरीस समजल्यामुळे कूलर दुरुस्त करायला पुरेसा अवधी मिळाला.

उपसलेले ऑइल 2016 च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांनुसार घातक कचरा ठरते. ते मी झाकणबंद कॅनमध्ये साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच देतो. मांडवीत त्याचा एक थेंबही जाऊ देत नाही.