अरबी व्हॉइस असिस्टंट आणि घरातली भाषा

गेली दोन वर्षे मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून अरबी भाषकांसाठीच्या व्हॉइस असिस्टंटवर काम करतो आहे. या काळात एक गोष्ट मला मनापासून पटली आहे, ती म्हणजे अशा असिस्टंटने आधी घरातली अरबी शिकावी आणि बातम्यांची अरबी नंतर.

'आत्ता' हा साधा शब्द घ्या. प्रमाण अरबीत तो 'अल्-आन' आहे. कैरोत त्याला 'दिल्वअती' म्हणतात, आखाती देशांत 'अल्हीन', दमास्कसकडे 'हल्लअ' आणि मोरोक्कोत 'दाबा'. लिहायची एक अरबी आणि बोलायची दुसरी, या स्थितीला भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात 'डायग्लोसिया' म्हटले. प्रमाण अरबी शाळेत शिकावी लागते, घरात आई मुलाशी त्या भाषेत बोलत नाही. तरीही यंत्राला शिकवण्यासाठी सहज मिळणारा आवाज बहुतेक तिचाच असतो. २०१६ साली अल जझीरा वाहिनीच्या कार्यक्रमांचे सुमारे १२०० तासांचे ध्वनिमुद्रण संशोधकांसाठी उपलब्ध झाले. ते फार मोलाचे आहे, पण त्यातही मोठा भाग प्रमाण अरबीचाच आहे. २०२१ च्या अखेरीस अॅलेक्सा सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत आली ती मात्र खलीजी, म्हणजे आखाती बोली घेऊन, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरी अडचण लिपीची. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे क-त-ब ही तीन अक्षरे 'कतब' म्हणजे 'त्याने लिहिले' अशीही वाचता येतात आणि 'कुतुब' म्हणजे 'पुस्तके' अशीही. आपल्याकडे 'जग' या शब्दाचे असेच होते. 'सारे जग' आणि 'शंभर वर्षे जग' यांतला 'ज' वेगळा उच्चारतात, पण लिहिताना तो फरक दिसत नाही. उत्तर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्राला असा शब्द संदर्भावरूनच ओळखावा लागतो.

सर्वांत जास्त विचार मी लिंगाच्या प्रश्नावर केला. 'तुला हवे आहे का' हे विचारताना पुरुषाला 'तुरीद' आणि स्त्रीला 'तुरीदीन' म्हणावे लागते, म्हणून असिस्टंटला समोर कोण आहे हे माहीत असणे भाग आहे. आवाजाच्या पट्टीवरून ते ओळखावे, असे आमच्यातल्या काहींचे मत होते. मला ते मान्य नव्हते, कारण वयात येणारा मुलगा किंवा सर्दीने घसा बसलेली बाई यांच्याबाबतीत तो अंदाज हमखास चुकेल. बोलणाऱ्याने स्वतःबद्दल वापरलेल्या शब्दांच्या रूपांवरून ठरवावे, असाही एक पर्याय पुढे आला. तेव्हा मी आमच्या भागाचे उदाहरण दिले: सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली सहजपणे 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, आणि पुस्तकातले व्याकरण शिकलेले यंत्र त्यांना पुरुष समजून मोकळे होईल. बोलीभाषा व्याकरणाच्या पुस्तकाला बांधलेली नसते, हे अरबी सहकाऱ्यांना समजावून सांगावे लागले नाही. शेवटी सुरुवातीलाच एकदा विचारून घ्यायचे, असे ठरले.

सध्या आम्ही कैरोतल्या घरांमधले बोलणे, अर्थातच प्रत्येकाची संमती घेऊन, ध्वनिमुद्रित करतो आहोत. वाचायला छापील वाक्ये दिली की लोक नकळत शाळेतल्या अरबीकडे वळतात. म्हणून आता कागद न देता फक्त प्रसंग सांगतो: चुलीवर दूध आहे, हात पिठात आहेत, दहा मिनिटांचा गजर लावायचा आहे, तर तुम्ही काय म्हणाल?