फीड तीन दिवस गप्प होतं

मंगळवारी सकाळी साडेदहाला चाकूरकडची एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "दादा, तुमच्या फीडात तीन दिवस झाले काहीच येईना गेलंय. पण मैत्रीण म्हणायली, शनिवारीच शुद्धिपत्रक आलंय. कागदपत्रं पुन्हा अपलोड करायचा आज शेवटचा दिवस आहे."

लातूरच्या एका अभ्यासिकेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. औसा, रेणापूर, चाकूर, जळकोट इथली पोरं स्पर्धा परीक्षेसाठी येऊन राहतात. भरतीच्या सूचना पंचवीसेक साइटवर विखुरलेल्या, आणि बहुतेक ठिकाणी आरएसएस, म्हणजे नवीन काही आलं की आपोआप कळवणारं फीड, नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातींत खऱ्या किती, जुन्या किती, कळत नाही. फीडमध्ये थेट मूळ पानाची लिंक येते, म्हणून मला ते हवं होतं. तंत्र १९९९ पासूनचं आहे. नव्या मजकुराची यादी एका एक्सएमएल फाइलीत ठेवायची, वाचणाऱ्याचं ॲप ती अधूनमधून बघतं, बस. २०१३ मध्ये गूगल रीडर, म्हणजे अशी फीडं वाचायची गूगलची सेवा, बंद झाली आणि मला वाटतं, साइट बनवणाऱ्यांना ही फाइल द्यायची आठवणच राहिली नाही. मग आपणच बनवायची. माझी पायथनची स्क्रिप्ट पान उघडते, टेबलाच्या एकेका ओळीतून शीर्षक, तारीख, पीडीएफची लिंक उचलते आणि फाइल लिहिते. दिवसातून चारच वेळा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर त्याहून जास्त भार टाकणं मला पटत नाही.

मी लॉग, म्हणजे स्क्रिप्टच्या कामाची नोंदवही, उघडला. एकही एरर नाही. सर्व्हर दर वेळी २०० म्हणत होता, म्हणजे पान नीट मिळत होतं. फक्त पुढे लिहिलेलं: ओळी ०. पानाचा सोर्स बघितला आणि पोटात गोळा आला. शुक्रवारी रात्री साइटचं रूप बदललं होतं. टेबल जाऊन कार्डं आली होती. माझा सिलेक्टर, म्हणजे पानात काय शोधायचं ते स्क्रिप्टला सांगणारी खूण, टेबल शोधत होता, ते नव्हतंच, म्हणून स्क्रिप्टने चौदा वेळा रिकामी फाइल लिहिली. पोरांना त्याचा अर्थ एकच लागला: नवीन काही नाही.

आधी मुलीचं काम. तिच्या नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राचा पहिला स्कॅन अस्पष्ट ठरला होता आणि मूळ कागद घरी. तिने भावाला फोन केला. तो गाडीवर चाकूरला गेला, स्कॅन करून पाठवलं, आम्ही फाइल मर्यादेत बसेपर्यंत लहान केली. पाऊण वाजता पावती निघाली. हॉलमध्ये जाऊन विचारलं तर आणखी तिघं निघाले, त्यांचंही झालं. एक जण मात्र पेरणीसाठी जळकोटकडे गावी गेलेला. दिवसभर फोन लागला नाही. रात्री नऊला लागला तेव्हा लिंक बंद होऊन तीन तास झाले होते.

त्या रात्री मी दुरुस्तीला बसलो. सिलेक्टर बदलणं दहा मिनिटांचं काम. पण चाचणीत जुन्या सगळ्या सूचना नव्या म्हणून धडाधड यायला लागल्या. फीडमधल्या प्रत्येक नोंदीला एक कायमची ओळख द्यावी लागते, ॲप तिच्यावरूनच जुनं-नवं ठरवतं. मी पीडीएफची लिंकच ओळख म्हणून वापरली होती आणि साइटने पीडीएफ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. आता ओळख शीर्षक आणि तारीख मिळून बनते. मुख्य बदल पुढचा. शून्य ओळी आल्या तर जुनी यादी पुसायची नाही, तिच्या डोक्यावर इशारा चढवायचा आणि माझ्या फोनवर मेसेज टाकायचा. पंचवीसही साइटना हे लावेपर्यंत उजाडलं.

जळकोटचा मुलगा गुरुवारी आला. चूक माझ्या स्क्रिप्टची होती हे त्याला आधी सांगितलं. मग शेजारी बसवून एक सिलेक्टर मुद्दाम बिघडवला आणि स्क्रिप्ट चालवली. माझा फोन वाजला. त्याने ॲप रिफ्रेश केलं, तर सगळ्यात वर ओळ होती: 'हे फीड बंद पडलं आहे, मूळ साइट उघडून बघा.'

"शनिवारी हीच ओळ पाहिजे होती, दादा," तो म्हणाला.