जिलबी आणि काळी खसखस : माइट्सची नोंदवही

दिवस १
जिलबी (माझी पाळलेली अजगर, बॉल पायथन जातीची मादी, १२४० ग्रॅम, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेली) दोन दिवस पाण्याच्या भांड्यात ठाण मांडून बसली होती. कात जवळ आली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. आज भांडं बेसिनमध्ये ओतलं आणि आई म्हणाली, "अरे, ही काळी खसखस कुठून आली?" त्यातली एक खसखस चालत होती. माइट्स, म्हणजे सापाच्या खवल्यांत शिरून रक्त पिणारे बारीक जीव.

टॉर्च घेऊन बघितलं. हनुवटीखालच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला खवले किंचित उचललेले आणि आत काळे ठिपके. पाठीवर राखेसारखी पांढरी पूड, ती त्यांची विष्ठा. ओला पांढरा टिश्यू मानेपासून शेपटीपर्यंत फिरवला आणि मोजले : २३.

आले कुठून हे शोधायला लांब जावं लागलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी आणलेला दुसरा साप, कॉर्न स्नेक, त्याच खोलीत, सहा फुटांवर, आणि दोघांना खाऊ घालायचा चिमटा एकच. याला क्वारंटाइन म्हणायची माझी हिंमत होती!

दिवस २
कोमट पाण्यात अर्धा तास. माइट्स बुडतात हे खरं, पण साप डोकं वर ठेवतो आणि जे शहाणे असतात ते डोक्याकडे पळतात. अंघोळीनंतर डोळ्यांभोवती कालच्यापेक्षा जास्त दिसले. अंघोळीने सापाला आराम मिळतो, एवढंच.

दिवस ३
डॉक्टरांकडे. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळतो तो फिप्रोनिल स्प्रे, पण सापावर थेट मारायचा नाही. कापडावर घेऊन अंग पुसायचं, तोंड-डोळे टाळायचे, वाळेपर्यंत टबात (म्हणजे तिच्या घरात) सोडायचं नाही, त्या दिवशी पाण्याचं भांडं बाहेर. चौदाव्या दिवशी पुन्हा. आयव्हरमेक्टिन हे दुसरं परजीवीनाशक औषध त्यांनी टाळलं. बॉल पायथनला ते कधी कधी झेपत नाही म्हणाले. (कासववाल्यांनो, ते तुमच्या घरात नकोच. कासव मरतं.)

खरं काम घरी होतं. टबात तळाला अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात, जिलबीचं लपायचं लाकडी खोपटं फेकलं, प्लास्टिकचं कडकडीत पाण्यात. मी तळ घासघासून दमलो आणि सापडलं काय, तर झाकणाच्या खोबणीत, अगदी वर, अंड्यांचा पुंजका. पोट भरलं की मादी सापावरून उतरते आणि अंधाऱ्या, ओलसर फटीत अंडी घालते, शक्यतो वरच्या बाजूला. टूथब्रश घेऊन पाऊण तास ती एक खोबण. आता तळाला फक्त टिश्यू पेपर. कॉर्न स्नेकवर एकच माइट दिसला, तरी त्यालाही हेच सगळं.

दिवस ६ : ५. मनगटावर तीन लाल पुटकुळ्या, माझ्या.

दिवस ९, १० : शून्य. मित्रांना पार्टी जाहीर केली.

दिवस १३
चार. पण फिकट, पिवळसर, टिश्यूवर चष्म्याशिवाय दिसणार नाहीत असे. नवी पिढी. स्प्रेने अंडी मरत नाहीत, आणि आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून पुरता माइट व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. नवव्या दिवसाचं शून्य म्हणजे जे चालत होते ते मेले, एवढंच. उद्याचं पुसणं मी टाळणार होतो, हे इथे कबूल करतो.

दिवस १४ : दुसऱ्यांदा पुसलं. झाकण पुन्हा टूथब्रशने.

दिवस १७
कात निघाली, तुकड्यातुकड्यांत, आणि डाव्या डोळ्यावरची टोपी (डोळ्यावरच्या पारदर्शक खवल्याची कात) तशीच राहिली. यात सगळ्यात अवघड हेच. माइट्सना ओल हवी म्हणून मी टब कोरडा ठेवला, पण ओल जिलबीलाही हवी. ओलसर टॉवेलसह उशीच्या अभ्र्यात अर्धा तास ठेवलं, शेजारी बसून. टोपी नखाने काढायचा मोह आवरला. संध्याकाळी टॉवेलवर घासून तिनेच काढली. टोपीच्या कडेला एक मेलेला माइट चिकटला होता.

दिवस २० ते ३७ : रोज टिश्यू, रोज शून्य. आई रोज सकाळी चहाआधी भांड्यात डोकावते, मला न विचारता.

दिवस ३८
पाच आठवड्यांनी उंदीर घेतला, पहिल्या झडपेत. त्याआधी वजन ११९० ग्रॅम. कॉर्न स्नेक आता आतल्या खोलीत, त्याचा चिमटा वेगळा, मुठीला लाल टेप. कोकोपीट इतक्यात नाही.